रंगप्रमाणीकरण

रंगप्रमाणीकरण : एखाद्या वस्तूचा किंवा चित्राचा रंग दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माध्यमात व कालांतरानेही तोच दिसावा, यासाठी रंगाला संख्या नेमून देण्याच्या आणि ती संख्या उपकरणांकडून पाळून घेण्याच्या पद्धतीस रंगप्रमाणीकरण म्हणतात. छपाईची शाई, चित्रपटाची फीत, दूरचित्रवाणीचा पडदा व संगणकाचा मॉनिटर या सर्वांना ही पद्धत लागू पडते. तिचे सर्वांत काटेकोर रूप मुद्रक, छायाचित्रकार व वस्तुसंग्रहालये वापरतात त्या व्यावसायिक मॉनिटरांत आढळते. रंग हा वस्तूचा अंगभूत गुण आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः वस्तू, तिच्यावर पडणारा प्रकाश व पाहणारा डोळा या तिहींच्या योगाने रंग सिद्ध होतो. त्यांपैकी एक जरी बदलले, तरी रंग बदलतो. दिवसाच्या उजेडात निवडलेली साडी दुकानातील दिव्याखाली निराळी वाटते, ती यामुळेच.

केवळ डोळ्यावर भिस्त ठेवून रंग जपण्याचे प्रयत्न कोठवर जातात व कोठे अडतात, हे सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या अर्वाचीन इतिहासात चांगले पाहावयास मिळते. आजचा सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला व २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्यास सध्याचे नाव मिळाले. त्यापूर्वी या भागात अनेक लहान संस्थाने होती. त्यांतील औंध संस्थानाचा मुलूख दोन्ही जिल्ह्यांच्या आजच्या हद्दींत विखुरलेला होता. या संस्थानाचा अधिपती स्वतः चित्रकार होता, आणि ज्या उद्योजकाला त्याने कारखान्यासाठी माळरान दिले, त्याला चित्रकलेचे शिक्षण रंगांधतेमुळे सोडावे लागले होते. रंगाच्या प्रश्नाची दोन टोके अशी एकाच लहानशा संस्थानात एकत्र आली.

अव्वल इंग्रजी अमदानीपूर्वी या परिसरात रंगाची प्रत काढण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. वाईजवळील मेणवली येथे नाना फडणीसांच्या वाड्यात १८ व्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. अशी चित्रे त्या भिंतीसाठीच काढलेली असत. ती पाहावयाची तर वाड्यात जावे लागे; मूळ चित्र व त्याची प्रतिमा असा भेद तेथे नव्हता. शिळाछापाने हा भेद निर्माण केला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला व तो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविला. तेथे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करून तैलचित्राची प्रत छापली जाई. मूळ चित्रातील एखादी छटा कोणकोणत्या दगडांत व किती प्रमाणात वाटून द्यावयाची, हे दगडावर काम करणारा कारागीर आपल्या नजरेने ठरवी. घरोघरी भिंतीवर लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतींचे रंग हे रविवर्म्यांचे जितके, तितकेच त्या अनामिक कारागिरांचेही होते.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्काराचे प्रवर्तक व कीर्तनकार म्हणून ते महाराष्ट्रात परिचित आहेत. चित्रकलेची त्यांची आवड तितकीच खोल होती. त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचे चित्ररामायण १९१६ मध्ये मुंबईत छापून प्रसिद्ध झाले. औंध येथील श्री भवानी संग्रहालय १९३८ मध्ये सुरू झाले. त्यात रविवर्मा, धुरंधर आदींची चित्रे, लघुचित्रे व पाश्चात्त्य कलाकृती आहेत. मूळ चित्र व छापील प्रत या दोहोंशी निकटचा संबंध आलेला असा संस्थानिक विरळाच म्हणावा लागेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी रंगीत चित्र छापण्याची जी पद्धत रूढ होत होती, तिला त्रिवर्णी ठशांची पद्धत म्हणत. चित्राचे तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून तीन वेळा छायाचित्र घेत. प्रत्येक छायाचित्र बारीक जाळीतून तांब्याच्या पत्र्यावर उतरवीत व अम्लाने कोरून ठसा तयार करीत. मग निळी, तांबडी व पिवळी अशा तीन शाईंनी ते ठसे एकावर एक छापले जात. भारतात जाळीच्या ठशांच्या तंत्राचा सखोल अभ्यास कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी केला. तत्त्व सोपे असले, तरी व्यवहारात एक अडचण होती. आदर्श तांबड्या शाईने केवळ हिरवा प्रकाश शोषावयास हवा. प्रत्यक्षातील शाई निळ्या प्रकाशाचाही काही भाग शोषते. निळी शाईही तांबड्याबरोबर थोडा हिरवा प्रकाश गिळते. परिणामी तिन्ही ठसे बिनचूक असूनही छापलेले चित्र मळकट दिसे. त्यावर उपाय म्हणून निष्णात कारागीर ठशाच्या निवडक भागांवर पुन्हा अम्ल लावून तेथील बिंदू बारीक करी, नमुन्याचा कागद मूळ चित्राशेजारी धरून पाही व समाधान होईपर्यंत हे काम चालू ठेवी. चित्राचा रंग कोठे बरोबर व कोठे चूक, याचा निर्णय त्या एका माणसाचा. तो बदलला, खिडकीतील उजेड बदलला किंवा शाईचा नवा डबा उघडला, तर तोच ठसा निराळे चित्र देई. [⟶ मुद्रण].

या परावलंबनाची किंमत अजिंठ्याच्या चित्रांनी मोजली आहे. बाळासाहेबांनी या लेण्यांवर लिहिलेली पुस्तिका १९३२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली, त्या वेळी अजिंठ्याच्या प्रती काढण्याच्या उद्योगाला जवळजवळ नव्वद वर्षे होऊन गेली होती. रॉबर्ट गिल यांनी काढलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या स्फटिक प्रासादातील आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती काढल्या, त्यांपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्ये आगीत गेल्या. दरम्यान मूळ भित्तिचित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर वार्निशाचे थर दिले गेले. निजाम सरकारने १९२०–२२ मध्ये इटालियन तज्ज्ञांकडून जतनाचे काम करवून घेतले, तेव्हाही लाखेचा लेप वापरला गेला. हे थर काळाने पिवळे-तपकिरी पडले. मूळ रंग मूळ जागी झाकोळले व प्रती जळाल्या. ज्या प्रती उरल्या, त्यांतील निळा खरोखर मुळातला की प्रत काढणाऱ्याच्या रंगपेटीतला, हे सांगण्याचे साधन राहिले नाही. गुलाम याझदानी यांच्या अजिंठाविषयक ग्रंथाचे भाग १९३० पासून निघू लागले. त्यांच्या शीर्षकातच प्रतिकृती छायाचित्रणावर आधारित असल्याचे नमूद केलेले आहे. हाताने काढलेल्या प्रतींवरचा अभ्यासकांचा विश्वास किती उडाला होता, हे त्यावरून कळते. अर्थात छायाचित्रातील रंगही तोवर कोणी मोजलेला नव्हता.

डोळ्याच्या मर्यादेचे बोलके उदाहरण औंध संस्थानातच होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. काही काळाने त्यांना अंशतः रंगांधता असल्याचे आढळून आले व रंगकाम सोडावे लागले. यांत्रिक आरेखनाकडे ते वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले व पुढे बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनविले. बेळगावातील जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंधच्या अधिपतींनी त्यांना कुंडलजवळ जमीन देऊ केली. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. ही वसाहत आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. रेषेत, मापात व यंत्रात अत्यंत अचूक असलेल्या या माणसाला काही रंगांतील भेद दिसत नव्हता. दृष्टिपटलावरील तीन प्रकारच्या शंकुपेशींपैकी एखादा प्रकार नसला किंवा त्याची संवेदनक्षमता सरकलेली असली, तर असे होते. हा दोष बहुधा आनुवंशिक असून तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. निर्दोष म्हणविणाऱ्या डोळ्यांतही थोडाफार फरक असतोच. वयपरत्वे नेत्रभिंग पिवळसर होते, आणि साठीच्या चित्रकाराला निळा रंग विशीतल्यासारखा दिसत नाही.

त्याच किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे मासिक काढले. ते स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. पुढे स्त्री (१९३०) व मनोहर (१९३४) ही मासिके निघाली आणि माळावरच्या या गावाचे नाव मराठी वाचकांच्या घरी पोहोचले. वाचक मासिक हाती घेई तो मुखपृष्ठ पाहून. मासिकाच्या मुखपृष्ठाची अडचण ग्रंथातील चित्राहून वेगळी असते. ग्रंथाचे चित्र एकदाच छापावयाचे; मासिकाला दर महिन्याला, हजारो प्रतींत व ठरल्या तारखेला तोच दर्जा राखावा लागतो. पावसाळ्यात कागद ओल धरून ताणतो आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. छपाई चालू असता शाई घट्ट-सैल होते. पहिल्या व शेवटच्या प्रतीतील चेहऱ्याचा वर्ण एकच राहावा, एवढ्यासाठी यंत्रावरील माणसाला सतत नजर ठेवावी लागते. अचूकता व सातत्य ही दोन निरनिराळी उद्दिष्टे आहेत, हे मुद्रकांना मॉनिटर येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. मूळ चित्राशी जुळणे ही अचूकता, आणि काल जे दिसले ते आज व उद्याही दिसणे हे सातत्य होय.

रंग डोळ्याच्या स्वाधीन न ठेवता मोजावयाचा, तर आधी कोणाचा डोळा प्रमाण मानावयाचा हे ठरणे आवश्यक होते. १९२० नंतरच्या दशकात डब्ल्यू. डी. राइट यांनी १० व जॉन गिल्ड यांनी ७ निरीक्षकांवर प्रयोग केले. निरीक्षकासमोर एका बाजूस वर्णपटातील शुद्ध रंग ठेवीत. दुसऱ्या बाजूस तांबडा, हिरवा व निळा प्रकाश कमी-अधिक करून तो पहिल्याशी जुळवीत व त्यासाठी लागलेल्या मात्रा नोंदवीत. या नोंदींवरून आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये ‘प्रमाण निरीक्षक’ नावाचा एक काल्पनिक डोळा निश्चित केला. कोणत्याही रंगाला त्यामुळे तीन संख्यांत मांडता येऊ लागले. ब्रिटनमधील अवघ्या १७ माणसांच्या नजरेवर हे सारे उभे आहे, आणि आजही जगातील बहुतेक मॉनिटर त्याच सारणीनुसार तपासले जातात. त्यांत एकही भारतीय डोळा नव्हता, ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. तथापि सर्वांनी एकच माप मान्य करणे हा या निर्णयाचा खरा लाभ होता. आयोगाने १९६४ मध्ये अधिक विस्तृत दृष्टिक्षेत्रासाठी पूरक निरीक्षक मान्य केला, तर १९७६ मध्ये दोन रंगांतील दृश्य अंतर एका आकड्यात सांगणारी पद्धत स्वीकारली. या आकड्यास ‘डेल्टा ई’ म्हणतात. सुधारित सूत्रानुसार तो १ च्या आसपास असेल, तर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन रंगांतील भेद जेमतेम जाणवतो. [⟶ रंग].

हे माप कागदोपत्री तयार झाले, तरी कारखान्यांपर्यंत पोहोचण्यास अवधी लागला. शेजारच्या कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने सैरंध्री हा चित्रपट रंगीत करण्याचे धाडस केले. कंपनीच्या संस्थापकांपैकी दामले व फत्तेलाल हे चित्रकलेतून आलेले होते, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते. रंगीत प्रती काढण्यासाठी फीत जर्मनीस नेण्यात आली. चित्रपट १९३३ मध्ये प्रदर्शित झाला, परंतु रंग भडक व विसंगत उतरले आणि प्रयोग फसला. नेपथ्य व वेशभूषेचे रंग कोल्हापुरात ज्यांच्या डोळ्यांनी ठरविले आणि ज्यांनी ते जर्मनीत छापले, त्यांच्यामध्ये दोघांना समान असे माप नव्हते. दूरचित्रवाणीने ही गोष्ट वेगळ्या प्रकारे सोडविली. अमेरिकेत १९५३ मध्ये स्वीकारलेल्या रंगीत प्रक्षेपण पद्धतीत वाटेतील बिघाडाने रंग बदलत. जर्मनीत वॉल्टर ब्रूख यांनी काढलेल्या ‘पाल’ पद्धतीत एकाआड एक ओळीत संकेताचा एक भाग उलटा पाठवितात, त्यामुळे एका ओळीतील चूक दुसरीतील चुकीने खोडली जाते. भारताने हीच पद्धत घेतली व १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. संकेत निर्दोष पोहोचू लागला. तो दाखविणारा पडदा मात्र ज्याचा त्याचा राहिला. दूरचित्रवाणी संचांच्या दुकानात एकच कार्यक्रम दहा पडद्यांवर दहा रंगांत दिसतो, हा अनुभव सर्वांचा आहे.

संगणकाच्या मॉनिटरचा प्रश्न येथून सुरू होतो. संगणक पडद्यास रंग पाठवीत नाही, तीन संख्या पाठवितो. तांबडा, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी ० ते २५५ पायऱ्या धरल्यास १,६७,७७,२१६ संयोग होतात. परंतु ‘तांबडा २५५’ म्हणजे नेमका कोणता तांबडा, हे त्या संख्येत सांगितलेले नसते. त्या पडद्याच्या घडणीत जो तांबडा असेल तो उमटतो. हा घोटाळा दोन मार्गांनी दूर करण्यात आला. १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापन केला. प्रत्येक कॅमेरा, मॉनिटर व मुद्रणयंत्र यांचा स्वभाव प्रमाण निरीक्षकाच्या भाषेत लिहून ठेवणारी ‘वर्णनफाईल’ कशी असावी, हे या संघाने ठरविले. दुसरा मार्ग म्हणजे सर्वांनी एकच ठरावीक रंगावकाश गृहीत धरणे. १९९६ मध्ये सुचविलेला व १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेला ‘एसआरजीबी’ हा तो रंगावकाश. यात पांढरा रंग ‘डी ६५’ या प्रमाण दिवाप्रकाशाचा धरला आहे. १९३१ च्या रंगनकाशावर या अवकाशाचे क्षेत्र दृश्य रंगांच्या सुमारे एक तृतीयांश भरते. मुद्रणासाठी वापरला जाणारा १९९८ चा ‘अडोबी आरजीबी’ सुमारे निम्मे क्षेत्र व्यापतो.

व्यावसायिक मॉनिटर साध्या मॉनिटरहून वेगळा ठरतो, तो अधिक झगझगीत असतो म्हणून नव्हे. दुकानात तो उलट फिकाच वाटेल. रंगकामासाठी पांढऱ्याची दीप्ती सामान्यतः प्रति चौ. मी. ८० ते १२० कँडेला ठेवतात, कारण शेजारी ठेवलेल्या छापील कागदाशी तो पांढरा जुळावयास हवा. दुकानातला पडदा याच्या दुप्पट-तिप्पट प्रकाश फेकतो. अशा पडद्यावर पसंत केलेले मुखपृष्ठ छापून आल्यावर काळवंडलेले वाटते व दोष मुद्रकाच्या माथी येतो.

पडद्याच्या अंशांकनासाठी काचेवर एक मापक टेकवितात. संगणक एकामागून एक ठरावीक रंग दाखवितो, मापक प्रत्येकाचे प्रत्यक्ष मूल्य वाचतो आणि अपेक्षित व प्रत्यक्ष यांतील फरकावरून दुरुस्तीची सारणी तयार होते. ही सारणी कोठे ठेवावयाची, यावर बरेच अवलंबून असते. ती संगणकातच ठेवली, तर २५६ पायऱ्यांपैकी काही पायऱ्या दुरुस्तीतच खर्ची पडतात. त्यामुळे आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या पृष्ठभागावर पट्टे उमटतात. व्यावसायिक मॉनिटरात सारणी मॉनिटरच्या आतील मंडलात असते व तिची गणिते १४ किंवा १६ द्विमान अंकांच्या सूक्ष्मतेने चालतात. पडद्यास पोहोचणारा संकेतही १० अंकी, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या १,०२४ पायऱ्यांचा असतो. दुरुस्ती करूनही पायऱ्या पुरून उरतात. जुन्या ठसेकाराने अम्लाने केलेली बिंदूंची दुरुस्ती व ही सारणी यांचे कार्य एकच आहे. फरक इतकाच की, येथे दुरुस्ती किती करावयाची हे मापक सांगतो आणि ती उद्या तशीच पुन्हा करता येते.

सातत्याचा प्रश्न अधिक चिवट आहे. द्रवस्फटिक पडदा स्वतः प्रकाश देत नाही; त्याच्या मागे दिवा असतो. हा दिवा पूर्वी बारीक प्रकाशनलिकांचा असे, नंतर प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचा आला. चालू केल्यापासून तापमान स्थिर होईपर्यंत त्याचा प्रकाश बदलत राहतो, म्हणून रंग तपासण्यापूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवण्याची शिस्त आहे. वर्षे लोटली की दिवा मंदावतो व पांढऱ्याची छटा सरकते. चांगल्या मॉनिटरात दिव्याजवळ एक संवेदक बसविलेला असतो आणि तो दीप्ती क्षणोक्षणी सावरतो. पडदा मध्यभागी व कोपऱ्यांत सारखा उजळ नसतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक नगाच्या अनेक बिंदूंवर मापे घेऊन उजळ भाग तेवढे मंद करण्याची सोय मंडलात करतात. यात एकूण प्रकाश घटतो व किंमत वाढते, तरीही हा सौदा पत्करला जातो. बाजूने पाहिल्यास रंग बदलू नये यासाठी द्रवस्फटिकांचे रेणू पडद्याच्या पातळीतच फिरविणारी रचना वापरतात. मॉनिटरला काळी झालर लावतात व खोलीच्या भिंती करड्या ठेवतात, कारण भोवतालचा पिवळा किंवा निळा रंग डोळ्याचे अनुकूलन बदलून टाकतो. एवढे करूनही मापन वरचेवर करावे लागते. दर दोनशे तासांनी ते करण्याचा प्रघात आहे.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत, आणि त्या साताऱ्याच्या परिसरातील दोन परिचित रंगांवरून दाखविता येतात. पहिला कास पठारावरील फुलांचा. पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत २०१२ मध्ये समाविष्ट झालेल्या या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस सीतेची आसवे, तेरडा, सोनकी यांचे गालिचे पसरतात आणि काही वर्षांच्या अंतराने टोपली कारवी फुलते. निळी-जांभळी फुले छायाचित्रात गुलाबी उतरल्याची तक्रार फीत वापरणारे छायाचित्रकार पूर्वीपासून करीत. याचे कारण असे : कित्येक निळी फुले वर्णपटाच्या अतिदूरच्या तांबड्या टोकाचा प्रकाशही जोरात परावर्तित करतात. मानवी डोळा तेथे जवळजवळ आंधळा असतो, परंतु फितीचा तांबड्याला संवेदनशील थर तो प्रकाश टिपतो. अशा वेळी रंग बिघडतो तो प्रकाश पकडतानाच, आणि तो पुढे कोणताही मॉनिटर सुधारू शकत नाही. आजच्या कॅमेऱ्यांत अवरक्त प्रकाश अडविणारी गाळणी असते व हा दोष पुष्कळ कमी झाला आहे. तरीही गर्द जांभळा दाखविताना पडद्याला स्वतःच्या निळ्याची मर्यादा आड येते. फुलाच्या रंगावरून जाती-उपजाती ओळखू पाहणाऱ्याने पडद्यावरील छटेवर विसंबून राहू नये, हे उत्तम.

दुसरा रंग सांगलीच्या हळदीचा. राजापुरी हळदीची ही मोठी बाजारपेठ असून ‘सांगली हळदी’स २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूर येथे कृष्णाकाठच्या भूमीत खणलेल्या पेवांत हळकुंडे साठविण्याची जुनी रीत आहे. २००५ च्या महापुरात यांतील बरीच पेवे निकामी झाली. पेवात हवा व उजेड पोहोचत नाही आणि हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य तर प्रकाशाने विघटित होते, ही बाब येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो व भाव सांगतो. प्रयोगशाळेत तोच निर्णय अर्कातून ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजून करतात. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते हे कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तेव्हा रंग हा रासायनिक परिस्थितीवरही अवलंबून असतो. पडद्यापुढील अडचण निराळी आहे. तेजस्वी पिवळी व नारिंगी रंगद्रव्ये वर्णपटाचा तांबड्यापासून हिरव्यापर्यंतचा भाग जवळजवळ संपूर्ण परत पाठवितात व निळा भाग गिळून टाकतात. त्यांतील कित्येकांचा रंग एसआरजीबीच्या सीमेबाहेर पडतो. चित्रकारांचा कॅडमियम पिवळा हे याचे नेहमीचे उदाहरण होय. सीमेबाहेरचा रंग सीमेवर ओढून आणला जातो, आणि मग उत्तम व मध्यम असे दोन नमुने पडद्यावर एकच होऊन बसण्याचा संभव असतो. विस्तृत रंगावकाशाच्या मॉनिटरावर ते वेगळे दिसू शकतात, परंतु पाहणाऱ्याकडेही तसाच पडदा हवा.

रंगावकाश विस्तृत करण्यासाठी मूळ तीन प्रकाश अधिकाधिक शुद्ध, म्हणजे अरुंद पट्ट्याचे करावे लागतात. यातून एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. प्रकाशपट्टा जितका अरुंद, तितका दोन निरोगी डोळ्यांतील फरक ठळक होतो. मापकाने एकच आकडे दाखविलेले दोन मॉनिटर शेजारी ठेवले, तर एका निरीक्षकास पांढरा सारखा दिसतो व दुसऱ्यास एकात किंचित हिरवट झाक दिसते. मापक चुकलेला नसतो. तो १९३१ च्या काल्पनिक निरीक्षकाच्या वतीने बोलत असतो, आणि समोरचा माणूस तो निरीक्षक नसतो. शंकुपेशींच्या संवेदनक्षमतेचा नव्याने विचार करून आयोगाने अलीकडे सुधारित फलने दिली आहेत. उद्योगाने ती अजून सर्वत्र स्वीकारलेली नाहीत.

औंधसारख्या संग्रहातील तैलचित्राचे टिपण करावयाचे झाल्यास वरील सर्व गोष्टी एकत्र येतात. वार्निश पिवळे पडणे ही तैलचित्राच्या वार्धक्याची नेहमीची खूण. आज घेतलेले छायाचित्र त्या पिवळेपणासह आजची स्थिती नोंदविते, ती चित्रकाराने रंगविलेली स्थिती नव्हे. म्हणून स्वच्छतेपूर्वीचे व नंतरचे अशी दोन टिपणे स्वतंत्रपणे ठेवावी लागतात. छायाचित्र घेताना चित्राच्या कडेला २४ चौकटींची रंगपट्टी ठेवण्याची पद्धत १९७६ पासून रूढ झाली. या चौकटींची मूल्ये आधीच मोजलेली असतात, त्यांवरून दिव्याचा व कॅमेऱ्याचा दोष नंतर केव्हाही काढून टाकता येतो. फाईलमध्ये रंगावकाशाची वर्णनफाईल अंतर्भूत करावी लागते. ती गळाली, तर पुढील पिढीच्या हाती केवळ संख्या पडतील व त्या कोणत्या तांबड्या-निळ्याच्या होत्या हे कळणार नाही. टिपण पाहण्यासाठी अंशांकित मॉनिटर वापरावा व अंशांकनाची तारीख टिपणासोबत नोंदवावी. रंगपट्टीही प्रकाशाने फिकी होते, तेव्हा ती काही वर्षांनी बदलावी आणि जुनी पट्टी अंधारात जपून ठेवावी.